करसवलत पीककर्जाच्या खात्याला जोडा

प्रति,
मा. केंद्रीय वित्तमंत्री, नवी दिल्ली
मा. अध्यक्ष, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी: मा. केंद्रीय सहकार मंत्री

विषय: शेतकऱ्यांना आणि ग्रामीण भागाला कर्ज देणाऱ्या संस्थांच्या प्राप्तिकर सवलतींबाबत

सन्माननीय महोदया व महोदय,

विकास सोसायट्या, पतसंस्था आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका यांचे लेखापरीक्षण आणि विवरणपत्रे हे आमचे रोजचे काम आहे. त्या अनुभवाच्या बळावर आम्ही एकच मागणी करत आहोत. शेतीकर्जासाठी दिलेली करसवलत प्रत्यक्ष शेतीकर्जाला जोडा. आज ती तशी जोडलेली नाही. संस्था कोणत्या प्रकारची, शाखा किती लोकवस्तीच्या गावात, विवरणपत्र कोणत्या तारखेला भरले, हे सगळे कायदा विचारतो. शेतकऱ्याच्या खात्यावर किती रक्कम पडली आणि ती वर्षात किती महिने त्याच्याकडे राहिली, हे मात्र कोणतेच कलम विचारत नाही.

आपल्याकडे पीककर्जाचा सहकारी पैसा तीन पायऱ्या उतरून येतो. शिखर बँक जिल्हा बँकेला देते, जिल्हा बँक गावच्या विविध कार्यकारी सोसायटीला देते आणि सोसायटी सभासदाला देते. महाराष्ट्रात ३१ जिल्हा बँका आहेत आणि सोसायट्या वीस हजारांहून अधिक. या तिन्ही पायऱ्यांवर पैसा तोच, पीक तेच, शेतकरीही तोच. पण वित्त कायदा २००६ ने प्राप्तिकर कायद्याच्या, सहकारी संस्थांच्या नफ्याला वजावट देणाऱ्या कलम ८०पी मध्ये चौथे पोटकलम घातले आणि कर निर्धारण वर्ष २००७-०८ पासून सहकारी बँकांची वजावट बंद झाली. या बंदीतून वगळले ते फक्त प्राथमिक कृषी पतसंस्था (म्हणजे गावची विकास सोसायटी) आणि प्राथमिक सहकारी कृषी व ग्रामीण विकास बँक यांना. म्हणजे शेवटच्या पायरीवरच्या नफ्याला पूर्ण वजावट, आणि ज्या जिल्हा बँकेशिवाय ही पायरी उभीच राहू शकत नाही तिच्या नफ्यावर नागरी भागातल्या कोणत्याही सहकारी बँकेसारखाच कर.

यावर उत्तर दिले जाते की, जिल्हा बँक हीसुद्धा बँकच आहे, मग तिने कर का देऊ नये? उत्तर जोखमीत आहे. समजा, एका सोसायटीकडून बँकेला १ कोटी २० लाख रुपये येणे आहेत आणि सभासदांकडून सोसायटीला फक्त ९५ लाख येणे आहेत. मधले २५ लाख कोणाच्याच खात्यावर वसूल होण्यासारखे नसतात. सहकारात याला अनिष्ट तफावत म्हणतात. ती एका दिवसात तयार होत नाही. बँक आलेली वसुली आधी व्याजात जमा करते, सोसायटी वसुलीतूनच सचिवाचा पगार आणि कार्यालयाचा खर्च भागवते, कर्जमाफीत न बसलेले व्याज मागे राहते. अशी वर्षे साचत जातात. सोसायटी कोसळली तर हे २५ लाख बुडतात ते बँकेचे. जोखीम वरच्या पायरीवर आणि सवलत खालच्या पायरीवर, अशी ही रचना आहे.

आता व्यापारी बँकांकडे पाहू. त्यांच्यासाठी कलम ३६(१)(सातअ) आहे. बुडीत व संशयित कर्जापोटी केलेल्या तरतुदीची वजावट त्यात मिळते. मर्यादा अशी: एकूण उत्पन्नाच्या ८.५ टक्के, अधिक ग्रामीण शाखांच्या सरासरी कर्जाच्या १० टक्के. सरासरी काढण्याची रीत प्राप्तिकर नियमावलीच्या नियम ६एबीए मध्ये आहे. प्रत्येक ग्रामीण शाखेची महिनाअखेरची कर्जबाकी घ्यायची, बेरजेला महिन्यांच्या संख्येने भागायचे आणि मग सगळ्या शाखांच्या सरासऱ्या एकत्र करायच्या. एखाद्या बँकेच्या ग्रामीण शाखांची ही सरासरी ४० कोटी आणि एकूण उत्पन्न १० कोटी असेल, तर मर्यादा होते ४ कोटी अधिक ८५ लाख, म्हणजे ४ कोटी ८५ लाख. पण पुस्तकात तरतूद दीड कोटीचीच केली असेल तर वजावटही दीड कोटीचीच. लहान बँका इथे हमखास चुकतात. मर्यादेलाच वजावट समजून विवरणपत्र भरतात, मग पडताळणीत फरक निघतो आणि व्याजासह कर भरावा लागतो.

सहकारी बँकांना ८०पी मधून बाहेर काढल्यावर या कलमात घेतले गेले, हे खरे आहे. पण १९६१ च्या कायद्यात ‘ग्रामीण शाखा’ची व्याख्या शेड्यूल्ड वा नॉन-शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीतल्या वा त्याबाहेरच्या) बँकेची शाखा अशी आहे. सहकारी बँकेचे नाव तिथे घातलेच नाही. त्यामुळे जिल्हा बँकेच्या खेड्यातल्या शाखेवर ‘ही ग्रामीण शाखा नव्हे’ असा आक्षेप निघू शकतो, आणि १० टक्क्यांचा भाग वादात अडकतो. एका स्पष्टीकरणाने मिटण्यासारखी ही गोष्ट आहे.

व्याख्येतली मोठी अडचण मात्र लोकसंख्येची आहे. ज्या ठिकाणाची लोकसंख्या शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेनुसार १०,००० पेक्षा जास्त नाही, तिथली शाखा ग्रामीण. ‘ठिकाण’ म्हणजे प्रभाग की महसुली गाव, यावरही वाद झाला आणि केरळ उच्च न्यायालयाने लॉर्ड कृष्णा बँकेच्या प्रकरणात २०१० मध्ये महसुली गाव धरले. ते योग्यच आहे. पण कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर या पट्ट्यातली बागायती गावे बघा. दहा हजारांच्या वर लोकवस्ती असलेली, तरीही ऊस, द्राक्षे आणि दूध यांवरच चालणारी कितीतरी गावे तिथे आहेत. तिथल्या शाखेचे निम्म्याहून अधिक कर्ज पिकाला गेले तरी ती ग्रामीण नाही. उलट औद्योगिक वसाहतीलगतच्या चार-पाच हजार वस्तीच्या गावात शाखा काढली आणि तिथून कारखानदारांना, गोदामांना, वाहनांना कर्ज वाटले, तरी त्या कर्जाच्या १० टक्के वजावट मोजली जाते. कायदा तिला ग्रामीण कर्जाची शाखा म्हणतो. शेतकऱ्याला एक रुपयाही न देता ही वजावट मिळू शकते, याची नोंद मंडळाने घ्यावी.

शिवाय हिशेब अजून २०११ च्या जनगणनेवर चालतो. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे प्रसिद्ध झाल्यानंतर सुरू होणाऱ्या पहिल्याच आर्थिक वर्षापासून, २०११ मध्ये साडेआठ-नऊ हजार असलेली असंख्य गावे एकदम यादीबाहेर जातील. सोळा वर्षांची वाढ एका दिवसात लागू होईल. गाव तेच, शेती तीच, शाखेतली कर्जाची पुस्तकेही तीच, फक्त वजावट गेलेली असेल. मग बँकेला तिथली शाखा चालवण्याचे कारण आणखी कमी होईल.

कलम ३६ मध्येच आठव्या खंडात विशेष राखीव निधीची वजावट आहे. कृषी विकासासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देणाऱ्या बँकेला त्या व्यवसायातल्या नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत रक्कम राखीव निधीत टाकून वजावट घेता येते. यात सहकारी बँकाही येतात. पण दीर्घ मुदत म्हणजे किमान पाच वर्षे. विहीर, पाइपलाइन, फळबाग, ट्रॅक्टर यांची कर्जे बसतात. सोयाबीनला, कपाशीला, भाताला लागणारे कर्ज वर्षभराचे असते, ते बसत नाही. जिल्हा बँकेच्या शेतीकर्जाचा मोठा भाग हाच असतो.

म्हणून आमचा प्रस्ताव असा आहे. जिल्हा मध्यवर्ती बँक, राज्य सहकारी बँक आणि ग्रामीण भागात काम करणाऱ्या इतर बँका यांच्या नफ्याचा जो हिस्सा शेतकऱ्यांच्या पीककर्जातून आणि मध्यम मुदतीच्या शेतीकर्जातून येतो, तेवढ्याला वजावट द्यावी. हिस्सा ठरवण्याची रीत नवी शोधायला नको, नियम ६एबीए ची महिनाअखेरची सरासरीच वापरावी. समजा, बँकेचे सरासरी एकूण कर्ज २,००० कोटी, त्यात शेतकऱ्यांचे ९०० कोटी, आणि करपात्र नफा ३० कोटी. प्रमाण ४५ टक्के, वजावट साडेतेरा कोटी. ३० टक्के कर, १२ टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरला तर दर ३४.९४४ टक्के पडतो आणि बँकेकडे सुमारे ४ कोटी ७२ लाख रुपये राहतात.

ही रक्कम लाभांशात किंवा इमारतीत जाऊ नये. वजावटीइतकी रक्कम वेगळ्या राखीव निधीत वर्ग करण्याची अट घालावी आणि निधी काढला तर त्या वर्षी त्यावर कर लावावा. आठव्या खंडातल्या निधीला ही शिस्त आधीच लागू आहे. याचा परिणाम कर्जावर थेट होतो. जिल्हा बँकेला जोखीमभारित मालमत्तेच्या, म्हणजे जोखमीनुसार वजन देऊन मोजलेल्या कर्जाच्या व गुंतवणुकीच्या, ९ टक्के भांडवल राखावे लागते. ४ कोटी ७२ लाखांचे भांडवल राहिले तर सुमारे ५२ कोटींचे नवे कर्ज देण्याची मुभा तयार होते. प्रत्येकी एक लाखाचे पीककर्ज धरले तर पाच हजारांवर शेतकरी. भांडवल कमी पडल्यामुळे कर्जवाटप आखडणाऱ्या जिल्ह्यांत याची किंमत काय आहे, हे सांगायला नको.

गैरवापर कुठे होईल हेही आम्हीच सांगतो, कारण पळवाटा आम्हाला पुस्तकांत दिसतात. पहिली म्हणजे नवे-जुने. मार्चअखेरीस थकीत कर्ज कागदावर भरून घ्यायचे आणि दोन-चार दिवसांत तेवढेच, किंवा व्याज मिळवून थोडे जास्त, पुन्हा मंजूर करायचे. शेतकऱ्याच्या हातात पैसा येत नाही, कर्ज मात्र चालू दिसते. बारा महिन्यांच्या सरासरीने हे पकडले जात नाही, कारण बाकी तेवढीच राहते. त्यासाठी खात्यातली जमा आणि उचल यांचे स्वरूप बघायला हवे. कर्जभरणा आणि नवी उचल दोन्ही एकाच आठवड्यात, दोन्ही वर्गावर्गी, आणि उचलीनंतर बचत खात्यातून काहीच काढलेले नाही, असे खाते मोजणीतून वगळावे. दुसरी पळवाट सोनेतारणाची. सातबाऱ्याची झेरॉक्स जोडली की दागिन्यांवरचे कर्ज शेतीकर्ज म्हणून दाखवता येते. ज्या गटावर पेरणीची नोंद नाही, त्यावरचे सोनेतारण मोजू नये. ई-पीक पाहणी राज्यभर सुरू होऊन काही वर्षे झाली आहेत, पडताळणीला ती पुरते. तिसरी बाब साखर कारखाने आणि सूतगिरण्या यांच्या मालतारण कर्जाची. ते कर्ज ग्रामीण आहे, पण शेतकऱ्याच्या नावावर नाही. त्याला या वजावटीत जागा देऊ नका, मागणी कितीही जोरात आली तरी.

मोजणीचे साधन आज हाताशी आहे. केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी ६३,००० प्राथमिक पतसंस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटींची मंजुरी दिली. सोसायटीची खाती त्या प्रणालीत आली की सभासदनिहाय महिनाअखेरची बाकी एका अहवालात निघते. कमाल मर्यादा पत्रकात प्रत्येक सभासदाचे क्षेत्र, पीक आणि मंजूर मर्यादा असतेच. दोन्ही जुळवले की कोणत्या पिकाला किती कर्ज आणि ते मर्यादेत आहे का, हे लेखापरीक्षकाला कळते. वेगळा दाखला, वेगळे प्रमाणपत्र, वेगळी समिती नको.

अमेरिकेने ४ जुलै २०२५ च्या कायद्यात ग्रामीण व शेतजमिनीच्या तारणावर दिलेल्या नव्या कर्जाच्या व्याजातला २५ टक्के भाग बँकेसाठी करमुक्त केला. सवलत कर्जाला जोडली, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट. जमिनीच्या तारणाची अट मात्र आपल्याकडे आणू नये. बटईने कसणारा, खंडाने घेतलेल्या शेतावर भाजीपाला करणारा, एकमेकींच्या कर्जाची हमी घेणाऱ्या संयुक्त देयता गटातली महिला यांच्याकडे गहाण ठेवायला जमीन नसते. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून विनातारण शेतीकर्जाची मर्यादा २ लाख केली आहे. करसवलत तारणाला बांधली तर बँका नेमक्या या लोकांपासून लांब जातील.

आता विकास सोसायटीकडे येऊ. तिला ८०पी ची पूर्ण वजावट आहे, पण ती कागदावर. सभासदांना कर्ज देण्याच्या व्यवसायातला सर्व नफा वजा होतो, आणि राज्याच्या सहकार कायद्याने नाममात्र सभासदाला सभासद मानले असेल तर त्याला दिलेले कर्जही त्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२१ रोजी माविलायी सर्व्हिस को-ऑपरेटिव्ह बँकेच्या निकालात स्पष्ट केले. रिझर्व्ह बँकेचा परवाना नसलेली पतसंस्था ही सहकारी बँक नव्हे, हेही २०२३ मध्ये अण्णासाहेब पाटील माथाडी कामगार सहकारी पतपेढीच्या प्रकरणात पक्के झाले. तरीही तेच जुने मुद्दे काढून आकारणी होते. सोसायटी अपिलात जिंकते, पण तोवर मागणीच्या २० टक्के रक्कम भरून बसलेली असते.

सगळ्यात जास्त नुकसान तारखेने होते. कर निर्धारण वर्ष २०१८-१९ पासून कलम ८०एसी मुळे मुदतीत विवरणपत्र भरले तरच ८०पी मिळते. एका दिवसाचा उशीर झाला तरी वजावट शून्य. ८ लाख नफा असलेल्या सोसायटीला उपकरासह २,४६,४८० रुपये कर, वर विलंब शुल्क आणि व्याज. त्या ८ लाखांत सभासदांकडून अजून न आलेले व्याजही असते, म्हणजे न मिळालेल्या पैशावर कर. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ही वजावट कलम १४३(१) च्या संगणकीय छाननीतच कापली जाते, अधिकाऱ्यासमोर बाजू मांडायची वेळच येत नाही.

यातला एक प्रकार तर निव्वळ रकान्याचा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८१ नुसार सोसायटीचे लेखापरीक्षण बंधनकारक आहे, म्हणून तिची मुदत ३१ ऑक्टोबर. पण आयटीआर-५ या सोसायटीच्या विवरणपत्राच्या नमुन्यामध्ये ‘अन्य कायद्याखाली लेखापरीक्षण’ हा रकाना भरला नाही, किंवा अहवालाची तारीख टाकली नाही, तर बंगळुरूचे प्रक्रिया केंद्र मुदत आधीची धरते आणि सप्टेंबरमध्ये भरलेले विवरणपत्र उशिरा भरलेले ठरते. सोसायट्यांचे दफ्तर पाहणाऱ्या एका गटसचिवाकडे तीन-चार सोसायट्या असतात आणि नोटीस जाते ती पोर्टलवर नोंदलेल्या जुन्या करसल्लागाराच्या ई-मेलवर. उत्तराची मुदत संपल्यावर गावात कळते. सोसायटीची नोंदणी ज्या कायद्याखाली झाली तो कायदाच लेखापरीक्षण सक्तीचे करतो. मग पॅनवरून सहकारी संस्था ओळखून ३१ ऑक्टोबर ही मुदत आपोआप धरायला प्रणालीत एक नियम घातला की पुरे.

लेखापरीक्षकामुळे झालेला उशीर माफ करण्यासाठी मंडळाने २६ जुलै २०२३ रोजी परिपत्रक १३ काढले, २०१८-१९ ते २०२२-२३ या वर्षांसाठी. त्याचा उपयोग झाला. पण दर काही वर्षांनी माफीचे परिपत्रक काढण्यापेक्षा प्राथमिक कृषी पतसंस्थांना ८०एसी च्या अटीतून वगळा, किंवा ३१ डिसेंबरपर्यंत भरलेल्या विवरणपत्राला वजावट द्या.

गुंतवणुकीवरच्या व्याजाचा घोळ वेगळाच. सहकार कायद्याचे कलम ७० सोसायटीला सांगते की निधी जिल्हा बँकेत, राज्य सहकारी बँकेत अशा ठरलेल्या जागीच ठेव. कलम ६६ सांगते की नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाक. सोसायटी दोन्ही पाळते. मग प्राप्तिकर अधिकारी म्हणतो की ८०पी(२)(डी) मध्ये ‘दुसऱ्या सहकारी संस्थेकडून’ मिळालेले व्याज वजा होते, जिल्हा बँक ही बँक आहे, संस्था नव्हे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१७ या एकाच वर्षात यावर दोन उलट निकाल दिले. पुणे आणि मुंबईच्या न्यायाधिकरणांत बहुतेक वेळा संस्था जिंकतात, तरी प्रत्येकीला वेगळे लढावे लागते. जिल्हा बँकही सहकार कायद्याखालीच नोंदलेली आहे. ‘सहकारी बँकेसह’ एवढा एक शब्दप्रयोग पोटकलमात घातला तर हजारो अपिले निकाली निघतील.

सोसायट्यांनी जनऔषधी केंद्र, पेट्रोल पंप, सामायिक सेवा केंद्र चालवावे म्हणून २०२३ मध्ये आदर्श उपविधी आले. हे चांगलेच आहे. पण या उत्पन्नाला ८०पी(२)(सी) मध्ये फक्त ५०,००० रुपयांची वजावट आहे. खत-बियाण्यांवर पूर्ण वजावट मिळते, तीही सभासदांना पुरवलेल्या मालापुरती. त्यामुळे सभासद विक्री, बिगरसभासद विक्री आणि सेवा यांची खाती स्वतंत्र ठेवावी लागतात. ती ठेवली नाहीत तर खर्चाची विभागणी अधिकारी करतो आणि ती संस्थेच्या सोयीची नसते. प्राथमिक कृषी पतसंस्थेसाठी ही मर्यादा किमान ५ लाख करावी.

वर दिलेले क्रमांक १९६१ च्या कायद्याचे आहेत; १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात ते बदलले आहेत, पण वर सांगितलेल्या अडचणी क्रमांकाच्या नाहीत. यातल्या आयटीआर-५ च्या रकान्याला आणि ग्रामीण शाखेच्या स्पष्टीकरणाला कायदा बदलावा लागत नाही. पहिल्याला प्रणालीतला बदल आणि दुसऱ्याला मंडळाचे परिपत्रक पुरेल. ८०पी(२)(डी) आणि ८०एसी या दुरुस्त्या येत्या वित्त विधेयकात याव्यात. शेतीकर्जाच्या प्रमाणात वजावटीचा प्रस्ताव २०२७ च्या जनगणनेचे गावनिहाय आकडे प्रसिद्ध होण्याआधी मार्गी लागला पाहिजे, आणि तोवर २०११ च्या यादीतली ग्रामीण शाखा पुढची तीन वर्षे ग्रामीणच धरली जाईल, अशी अधिसूचना काढावी. नियमांचा मसुदा करताना गटसचिव, जिल्हा बँकेचे शेतीकर्ज विभागप्रमुख आणि सहकारी लेखापरीक्षक यांना एकत्र बसवले, तर वरच्या प्रत्येक मुद्द्याची कागदपत्रे आम्ही सादर करू.

आपले विश्वासू,
सहकारी पतसंस्था व बँकांचे लेखापरीक्षण आणि करविवरण पाहणारे कार्यकर्ते, महाराष्ट्र